फ्रोबेलचे ठोकळे की माँटेसरींचा गुलाबी मनोरा?

बालवर्गासाठी हाताळून शिकायचं साहित्य निवडताना हे दोन पर्याय हमखास समोर येतात.

फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी काम सुरू केलं. त्यांनी आखलेल्या खेळसाहित्याच्या संचांना ते 'भेट' म्हणत; तिसऱ्या 'भेटी'त आठ सारखे लाकडी घन असतात. जुळवले की एक मोठा घन, सुटे केले की खुर्ची, पूल, जिना, मनात येईल ते. बरोबर-चूक असं काहीच नसतं. जिना रचणारं मूल त्यावर बोटं चालवतं आणि 'वर कोण राहतं' तेही सांगून टाकतं. भाषा अशी आपसूक फुलते, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

मारिया माँटेसरींचं पहिलं बालघर १९०७ मध्ये रोममध्ये सुरू झालं. त्यांच्या मनोऱ्यात १ ते १० सेंटिमीटर बाजूचे दहा घन. क्रम चुकला की मनोरा वेडावाकडा दिसतो. मूल स्वतःच थांबतं, निरखतं, बदलतं. बाईंना बोलावं लागत नाही.

एकाग्रता आणि नजरेचा अंदाज हवा असेल तर मनोरा सरस. पण एकच घेणं शक्य असेल, तर मी ठोकळेच घेईन, तेही चार मुलांना एकत्र खेळता येईल इतके.