लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमधली शनिवारची ‘मोटेटे’

आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, मी एकवीस वर्षं आल्टो, खालच्या पट्टीतला आवाज, गाते. म्हणजे चाल वरच्या पट्टीतल्या सोप्रानोंची, कौतुकही त्यांचंच. आम्ही मध्ये कुठेतरी दोन-तीन सुरांवर घुटमळत असतो. मुलगा जर्मनीत लाइपझिगला शिकतो म्हणून नोव्हेंबरात तिकडे गेले, आणि पहिल्याच शनिवारी त्याला म्हटलं, बाकी गाव नंतर बघू, आधी संगीतकार बाखचं चर्च.

बाख इथे 1723 पासून 1750 मध्ये मरेपर्यंत कँटर, म्हणजे संगीतप्रमुख, होता. त्याची कबरही आता इथेच, वेदीपुढे जमिनीत बसवलेल्या पट्टीखाली. मुलांचं क्वायर त्याच्याही आधीचं, 1212 सालचं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला ‘मोटेटे’, म्हणजे गाण्यांची छोटी उपासना, असते. कँटाटा (वाद्यांच्या साथीने गायची, अनेक भागांची रचना) ऐकायचा असेल तर शनिवार गाठा, लाइपझिगचा गेवांडहाउस ऑर्केस्ट्राही साथीला असतो. शाळेच्या सुट्ट्यांत मुलं गात नाहीत, हे आधी बघून जा. रिझर्व्हेशन नाही. दारात कार्यक्रमपत्रिका विकत घ्यायची, तीच प्रवेशिका. कॉफीपेक्षा स्वस्त पडली.

आम्ही अडीचला पोचलो आणि खांबामागे बसलो. सुरुवात झाली तशी मी मान वळवायला लागले, कारण क्वायर पाठीमागे, वरच्या सज्ज्यात. मुलगा कुजबुजला, “आई, पुढे बघ. इथे कुणी वळत नाही.” खरंच, सगळे वेदीकडे तोंड करून बसलेले. आमच्याकडे क्वायर समोर उभं असतं, आणि निम्मी मंडळी यंदा साड्या कुठल्या रंगाच्या घेतल्यात ते बघत असतात. (मोतिया. फार मळतात.)

त्या दिवशी कँटाटा होता क्रमांक 140, बायबलमधल्या, नवरदेवाची वाट बघणाऱ्या दहा कुमारींच्या दाखल्यावरचा. बाखने तो त्रैक्य रविवारानंतरच्या (हा ईस्टरनंतर आठ आठवड्यांनी येतो) सत्ताविसाव्या रविवारासाठी लिहिला, 25 नोव्हेंबर 1731 ला पहिल्यांदा गायला गेला. हा सत्ताविसावा रविवार ईस्टर फार लवकर पडला तरच येतो. पण कँटाटा एकदम सुरू झाला नाही. आधी ऑर्गन, मग शास्त्रवाचन, मंडळीचं गीत, पाळकांचे चार शब्द. मध्यरात्री नवरदेव येतोय, दिव्यात तेल आहे का, हे नुकतं कानावर पडलेलं, आणि पाठीमागून व्हायोलिनं ठेक्यात चालायला लागली. त्यावर सोप्रानो मुलांनी चाल धरली, एकेक सूर लांब, त्यांच्या जोडीला हॉर्न. खालचे तिन्ही आवाज धावपळ करताहेत आणि वर ही मुलं शांत. हाच कँटाटा मी घरी भांडी घासताना कितीतरी वेळा लावलाय. पण वाचनानंतर ऐकताना तो पाळकांच्या बोलण्याचाच पुढचा भाग वाटला. बाखच्या काळात तो असाच उपासनेत, प्रवचनाच्या अलीकडे व्हायचा.

पहिला भाग संपल्यावर पुढच्या रांगेतल्या दोन पर्यटकांनी टाळ्या सुरू केल्या, चार वाजल्या आणि आपोआप विझल्या. त्यातल्या एकाने नंतर फोन उंच धरून बराच वेळ शूटिंग केलं. कशाचं, देव जाणे. समोर वेदीशिवाय काहीच नव्हतं.

मंडळीचं गीत आलं तेव्हा शेजारच्या आजींनी आपली पत्रिका माझ्याकडे सरकवली आणि ओळीखाली बोट फिरवत राहिल्या. कडव्याच्या शेवटी बोट थांबायचं, मी एक शब्द मागे असायची, मग पुढे. प्रभूच्या प्रार्थनेला सगळे उभे राहिले. मी आपलं ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ मराठीतच म्हटलं. जर्मन आमेन माझ्या आधी झालं.

शेवटचं कोराल, म्हणजे स्तोत्रगीत, अगदी साधं, चार आवाजांत, उड्या नाहीत की नक्षी नाही. त्यात आल्टो स्वच्छ ऐकू आला. इथे तो थोराड आवाजाची मुलं गातात, आणि ती दाबून गात नाहीत. आमच्याकडे सांगितलं जातं, आल्टो जरा हळू, चाल बुडते. परत गेल्यावर हा विषय काढणार आहे.

सगळं मिळून सव्वा तास. पाच तारे. जागा हवी असेल तर सव्वादोनला दारात उभे राहा. खांबामागची मिळाली तर मुकाट बसा, आणि स्वेटर न्या.