आठ फुटांचं क्रॉसिंग स्टेशन: नऊ महिने चालवल्यानंतर

गेल्या सप्टेंबरात, गणपती उठल्यावर, वरच्या खोलीत मॉडेल रेल्वेचं स्टेशन मांडायला घेतलं. आता जून. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी गाड्या धावतात, त्यामुळे आराखड्यात काय बरोबर होतं आणि कुठे माती खाल्ली ते आता नीट सांगता येईल.

आधी मामला काय आहे ते. एच-ओ स्केल, म्हणजे १:८७. कोकण रेल्वेवरचं एकेरी मार्गावरचं लहान स्टेशन: एक मेन लाइन, एक लूप (म्हणजे एका गाडीने थांबून दुसरीला वाट द्यायची बाजूची लाइन), दोन फलाट. काळ २०१५ च्या आसपासचा. खरं कारण सांगते, २०२२ मध्ये त्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं आणि मला खांब-तारा उभारायचा कंटाळा. डिझेलच्या जमान्यात राहिलं की तो प्रश्नच मिटतो. पाया आठ बाय दोन फुटांचा, बारा एमएम प्लायचा. दोन्ही टोकांना कॅसेट, म्हणजे रूळ ठोकलेली सुटी फळी. गाडी फळीवर येते, फळी उचलून फिरवायची, गाडी परतीला तयार.

आराखडा एक्सट्रॅककॅडमध्ये काढला. हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात पेको या मॉडेल-रूळ कंपनीचे तयार सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे तुकडे, मिळतात. पेकोचे मीडियम सांधे घेतले: लांबी २१९ मिमी, वळणाची त्रिज्या ९१४, कोन १२ अंश. एका टोकाच्या सांध्यापासून दुसऱ्या टोकाच्या सांध्यापर्यंत २३६० मिमी भरलं. माझं इंजिन २० सेंमी, डबा साधारण साडेपंचवीस. सात डबे आणि इंजिन मिळून दोन मीटर. म्हटलं, आरामात बसते. खऱ्या चोवीस डब्यांच्या गाडीला सव्वासहा मीटरहून जास्त लागले असते, त्यामुळे काटछाट अटळच होती. सात डब्यांवर मी खूश होते.

रूळ ठोकून झाल्यावर बाबा वर आले. रेल्वेत स्टेशन मास्तर होते. दोन मिनिटं नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, फाउलिंग मार्क कुठाय?"

फाउलिंग मार्क म्हणजे दोन रूळ जिथे एकत्र येऊ लागतात तिथली खूण. लूपमधल्या गाडीचं टोक तिच्यापलीकडे राहिलं तर शेजारून जाणारी गाडी त्याला घासणार. ब्रॉडगेजवर दोन रुळांच्या मध्यरेषांत ४२६५ मिमी अंतर असतं तिथे ही खूण येते. आपल्या मापात ४९ मिमी. मी रुळांत अंतर ठेवलं होतं ५०. म्हणजे लूप जवळजवळ पूर्ण समांतर होईपर्यंत खूण येतच नाही! सांधा आणि त्यापुढचं उलटं वळण मिळून प्रत्येक टोकाला ४३० मिमी गेले. उरले १५००. इंजिन आणि पाच डबे १४८०.

मॉडेलचा डबा ३७ मिमी रुंद असतो, त्यामुळे ४२ वरही भागलं असतं, असा मी वाद घातला. "गाडी उभी करायची की अडकवायची?" एवढंच ते म्हणाले. लहान सांधे लावून पाहावेत का? ते १८५ मिमीचे, म्हणजे उलटं वळणही धरून दोन्ही टोकांना मिळून १३६ मिमी वाचतात. अर्धा डबा. आणि त्रिज्या ६१० वर उतरते, जी लांब डब्यांना मुळीच शोभत नाही. तेव्हा पाच डबे. कॅसेटही मग पाच फुटांच्याच केल्या आणि आईच्या कपाटाचं दार उघडायला जागा राहिली. तो प्रश्न आराखड्यात मी विचारातच घेतला नव्हता.

दुसरा घोळ फलाटाचा. आपल्याकडे उंच फलाटाची कड रुळाच्या मध्यापासून १६७० ते १६८० मिमीवर असते, उंची ७६० ते ८४०. म्हणून मी कड २० मिमीवर ठेवली आणि उंची ९ मिमी. सरळ भागात फार देखणं दिसतं. पण लूपच्या फलाटाचा उतार मी हौसेने वळणापर्यंत ताणला होता. ९१४ च्या वळणावर माझ्या डब्याचा मध्य आत ४ मिमी सरकतो आणि टोकं बाहेर ५ मिमी. पहिल्याच फेरीत खर्र. नंतर पुठ्ठ्याचा डबा कापला, चाकांच्या बोगी जिथे येतात तिथे टाचण्या लावल्या, टोकांना पेन्सिल बांधली आणि वळणावरून फिरवला. रेघ आपोआप मिळाली. हे दहा मिनिटांचं काम फलाट चिकटवण्याआधी करायचं असतं.

सुतारकाकांनी प्लायखाली दर फुटावर पट्टी मारली. भक्कम काम. त्यातली एक नेमकी सांध्याच्या हलणाऱ्या पट्टीखाली आली, त्यामुळे सांधा बदलायचा सायकलच्या स्पोकचा दांडा खालून नेताच येईना. तो सांधा अजून बोटाने बदलते. पेकोच्या सांध्यात आतच स्प्रिंग असते, त्यामुळे बिघडत काही नाही. तरी पट्ट्यांचा आराखडाही कागदावर हवा होता.

एप्रिलमध्ये रूळ फुगला. सगळे जोड डाखले होते, म्हटलं करंट छान जाईल. दुपारी वरची खोली भट्टी होते, रुळाला वाढायला जागा नाही, फलाटासमोर सरळ रेषेची नागीण झाली. आता दर तिसरा जोड नुसता सरकता ठेवलाय आणि प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर दिलीय.

तक्रार नसलेल्या गोष्टीही आहेत. एच-ओचा रूळ १६.५ मिमीचा, आपलं १६७६ चं ब्रॉडगेज त्या मापात १९.३ येतं, म्हणजे गाडी समोरून बारीक पायांची दिसते. बाबांना खटकतं, मला नाही. खोटी खडी पांढऱ्या गोंदाने बसवली, ती हललेली नाही. कॅसेटवर मी सर्वात कमी विचार केला होता, पण नऊ महिन्यांत त्यांनीच सर्वात कमी त्रास दिला.

चालवायला मात्र पाच डबेच बरे पडतात, हे कबूल करते. पॅसेंजर लूपला घ्यायची, सांधा बदलायचा, मेनवरून रो-रो, म्हणजे ट्रक वाहून नेणारी गाडी, सोडायची. सपाट वाघिणींवर भाच्याचे ट्रक उभे असतात, ते मापाने जरा मोठेच आहेत. गाडी मार्कच्या आत थांबली की नाही हे बाबा वाकून बघतात आणि मगच हात दाखवतात. मार्क म्हणजे दोन रुळांमध्ये चिकटवलेली पांढरी रंगवलेली काडेपेटीची काडी.

स्टेशनच्या नावाची पिवळी पाटी भाच्याने रंगवली. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीच्या जागी त्याने 'वरचा मजला' असं लिहिलंय. सहावा-सातवा डबा कपाटात आहे. परवा बाबा विचारत होते, "गच्चीकडचा दरवाजा बंद करता येईल का गं?"