मॅथ्यूज की फिनी?

इंग्लंडच्या फुटबॉल संघात उजव्या बगलेवर एकाच काळात दोन अस्सल खेळाडू होते. स्टॅन्ली मॅथ्यूज स्टोक सिटी आणि ब्लॅकपूल या क्लबांचा, तर टॉम फिनी आयुष्यभर प्रेस्टन क्लबचाच.

मॅथ्यूजची कारकीर्द थक्क करणारी. 1956 मध्ये पहिला बॅलन डी'ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, त्यालाच मिळाला आणि 1965 मध्ये पन्नाशी ओलांडल्यावरही तो पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च श्रेणीत, खेळला. चेंडू पायाशी ठेवून तो बचावपटूच्या अगदी समोर जायचा, खांदा आत झुकवायचा आणि समोरचा तिकडे कलला की बाहेरून निसटायचा. सगळ्यांना ठाऊक असलेली ही एकच चाल, तरी ती अडवणं जमत नसे. 1953 च्या एफए कप या इंग्लिश क्लबांच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये ब्लॅकपूलचं बोल्टनविरुद्ध 1-3 वरून 4-3 झालं, ते त्याच्याच जोरावर. (हॅटट्रिक मात्र त्याचा सहकारी मॉर्टेन्सनची होती, हे विसरू नये.)

फिनी दोन्ही पायांनी खेळायचा. उजवीकडे, डावीकडे, पुढे मधोमध, कुठेही उभा करा. इंग्लंडसाठी 76 सामन्यांत 30 गोल. मॅथ्यूजचे 54 सामन्यांत 11. शिवाय फिनी प्लंबिंगचा व्यवसायही करायचा, कारण खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा होती. 1952 मध्ये पालेर्मो या इटालियन क्लबने दहा हजार पौंड देऊ केले, पण प्रेस्टनने त्याला सोडलं नाही. 1954 ची एफए कप फायनलही तो प्रेस्टनकडून हरला.

तिकीट काढून बघायला जायचं तर मॅथ्यूज. संघ निवडायचा असेल तर मी पहिलं नाव फिनीचं लिहीन.