धूळ आणि धूर: शेजारी की एकजीव?

जानेवारीत पश्चिम आफ्रिकेवर दोन गोष्टी एकदम घडतात. हरमॅटन वारा सहाराची धूळ नैऋत्येकडे आणतो आणि दक्षिणेकडच्या गवताळ पट्ट्यात शेतकरी रान पेटवतात. धूळ जमिनीलगत राहते. धूर बहुधा तिच्यावर चढतो. २००८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिम आफ्रिकेसमोरच्या केप व्हर्दे बेटांवर झालेल्या ‘सामुम-२’ या धूळ-अभ्यास मोहिमेत हेच थर लेसरने तपासले गेले.

पण थर मिसळले की कण कसे राहतात?

पहिली शक्यता सुक्या भेळीची: शेंगदाणा वेगळा, कुरमुरा वेगळा. अशा मिश्रणात लायडर (हवेत लेसरचा झोत सोडून परतलेला प्रकाश मोजणारे यंत्र) कामाला येतो. धुळीचे कण ओबडधोबड, त्यामुळे लेसरच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या लहरींचे एकाच दिशेत कंपणे, सुमारे ३० टक्के बिघडते. धुराचे बारीक, गोलसर कण जेमतेम काही टक्के बिघडवतात. त्यावरून कुणाचा वाटा किती, हे काढता येते. हिशेब सोपा, म्हणून तो सगळ्यांना आवडतो (मलाही).

दुसरी शक्यता चिक्कीची: धुरातली काजळी धुळीच्या कणाला चिकटते, किंवा त्यावर विरघळणाऱ्या क्षारांचा लेप बसतो. मग त्या कणाला पाणी धरणे सोपे जाते आणि ढगाचा थेंब बनायला तो अधिक लायक ठरतो. काजळीमुळे तो सूर्यप्रकाशही जास्त शोषतो. पण त्याची ओळख पटवायला लेसर पुरत नाही. कण पकडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो.

माझे मत? दूरवरून मोजायचे तर भेळ गृहीत धरा. ढगांचा प्रश्न असेल तर चिक्की विसरून चालणार नाही.