महापालिकेच्या टेंडरच्या नावाखाली आमचे पावणेतीन लाखांहून जास्त गेले, डिजिटल सहीचं डोंगल कुणाच्या हातात देऊ नका

नमस्कार. हे लिहायला वर्ष लागलं कारण पप्पांना चारचौघांत कळायला नको होतं, पण मागच्या महिन्यात आमच्याच एमआयडीसीतले एक गाळेवाले टेंडर मिळाल्याचं अगदी आमच्यासारखंच पत्र घेऊन आमच्याकडे विचारायला आले, तेव्हा पप्पाच म्हणाले आता लिही.

आमचं कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शेड आहे. ग्रिल, गेट, क्लासेसचे बेंच अशी कामं. मी बीकॉम करून हिशेब बघते. २०२४ च्या जुलैमध्ये ओळखीतून एक माणूस आला, टेंडर कन्सल्टंट म्हणून, दुसऱ्या शहरातल्या महापालिकेच्या गेटसमोर त्याचं ऑफिस, खाली झेरॉक्सचं दुकान. आम्ही गेलो तेव्हा येणारा जाणारा प्रत्येक शिपाई त्याला नमस्कार घालत होता आणि आम्हाला तेवढंच पुरलं. पप्पांना काका म्हणायचा, मला ताई. म्हणाला मनपा शाळांना ६०० ड्युअल डेस्क (दोन मुलांचे बाक) घ्यायचेत, तुमच्यासारखा माल करणारा माणूस पाहिजे, कागदाचं सगळं माझ्यावर सोडा.

पहिले २४,००० रुपये गेले रजिस्ट्रेशनच्या नावाखाली. उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), जेम पोर्टल (सरकारी खरेदीची साइट), महाटेंडर्स (राज्य सरकारची टेंडर भरायची साइट) आणि ऑनलाइन कागदांवर चालणारी डिजिटल सही. यातलं उद्यम रजिस्ट्रेशन सरकारी साइटवर फुकट होतं हो, आधार आणि पॅन लागतं, मी नंतर मावशीच्या पापड उद्योगाचं मोबाईलवर बसल्या बसल्या करून दिलं. जेमवर विक्रेता म्हणून नाव नोंदवायलाही कन्सल्टंट लागत नाही. पैसे लागतात ते टेंडरला लागणाऱ्या क्लास ३ प्रकारच्या डिजिटल सहीला, ते पण दोन-तीन हजारांत होतं.

आणि खरी चूक या सहीपाशीच झाली. त्याच्या ऑफिसात पप्पांनी हातात पॅन कार्ड धरून मोबाईलवर व्हिडिओ दिला, चार दिवसांनी ती सही असलेलं पेन ड्राइव्हसारखं डोंगल आलं, ते आलं त्याच्या पत्त्यावर आणि राहिलं त्याच्या ड्रॉवरमध्ये. पिन त्याला माहीत. महाटेंडर्सवर लॉगिन आयडी म्हणजे ईमेलच असतो, तो त्याने स्वतःचा टाकला, म्हणजे आमच्या नावाने पोर्टलवर जे काही होईल त्याचा मेल त्याला जाणार, आम्हाला काहीच नाही. मी विचारलं होतं एकदा, डोंगल आमच्याकडे नको का, तर म्हणाला ताई शेवटच्या दिवशी सर्व्हर स्लो असतो, रात्री बारालाही भरावं लागतं, तुम्ही कुपवाडहून पळत येणार का. मला पटलं.

मग ईएमडी, म्हणजे अनामत रक्कम. एक टक्का, ३२,४०० रुपये. तो म्हणाला पोर्टलवर तुमचं खातं अजून जोडलं नाही, माझ्या करंट अकाउंटला टाका मी भरतो. आम्ही टाकले. प्लीज हे वाचणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवा, महाटेंडर्सवर ईएमडी पोर्टलमधूनच भरली जाते, नेट बँकिंगने किंवा त्या टेंडरसाठी निघालेल्या चलनावर एनईएफटी-आरटीजीएसने, आणि टेंडर नाही मिळालं तर ज्या खात्यातून गेली त्याच खात्यात परत येते. मध्ये कुणा माणसाचं खातं येतच नाही.

सप्टेंबरच्या शेवटी त्याने पेढे आणले आणि पत्र दिलं. ते पत्र माझ्याकडे अजून आहे. वर मनपाचं बोधचिन्ह, जावक क्रमांक, खाली निळ्या शाईची सही, गोल शिक्का. ६०० नग, दर ५,४००, एकूण ३२,४०,०००. विषय "कार्यादेश", म्हणजे काम सुरू करा असा हुकूम. पप्पांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं. आज बघितलं तर कळतं की शिक्का आणि सही दोन्ही कलर प्रिंट आहेत, शिक्क्याच्या कडेला प्रिंटरचे बारीक ठिपके दिसतात, पण तेव्हा आनंदात कोण बघतंय. आणि पद्धतही उलटी होती. खरं काम लागलं की आधी स्वीकृतीपत्र येतं, मग तुम्ही सुरक्षा अनामत भरता, मग स्टॅम्प पेपरवर करारनामा होतो आणि त्यानंतर कार्यादेश निघतो. आमच्या हातात थेट कार्यादेशच आला होता आणि करारनाम्यावर पप्पांची सही कुणी मागितलीच नव्हती.

त्यावर पाच टक्के सुरक्षा अनामत १,६२,०००, परत त्याच्याच खात्यात. आणि ६५,००० रोख "साहेबांचे". हे लिहिताना लाज वाटते पण लपवलं तर लिहिण्यात अर्थ नाही, आम्ही दिले. पप्पा दोन दिवस नको म्हणत होते, तो म्हणाला काका नाहीतर बिल निघणार नाही, शेवटी दिले. ते पैसे कुठल्या साहेबाला गेले असं मी म्हणणार नाही, मला वाटतं त्याच्याच खिशात गेले. पण नंतर याच पैशांवरून तो आम्हाला धमकावत राहिला, लाच देणारापण आत जातो म्हणून. आणि ते खरंय, २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार धरला जातो, बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावं लागतं. आम्हाला हे वकिलांकडून कळलं तेव्हा सात दिवस कधीच उलटून गेले होते. कुणी असे पैसे मागितले तर देण्याआधी अँटी करप्शनला १०६४ वर फोन करा.

आम्ही पाइप उधारीवर उचलला, प्लाय उचललं, रात्रपाळी लावून दिवाळीच्या आत ४० डेस्क तयार केले. पहिली खेप टेम्पोत घालून आम्ही थेट मनपाच्या भांडार विभागात गेलो. त्याला न सांगता गेलो, तो सारखा थांबा थांबा म्हणत होता म्हणून. काउंटरवरच्या क्लार्क मॅडमनी पत्र दोनदा वाचलं, काही बोलल्या नाहीत, कॉम्प्युटरवर टेंडर आयडी टाकला. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. तो आयडी एका कंपाउंड वॉलच्या कामाचा होता, दोन वर्षांपूर्वीच्या. डेस्कचं टेंडर निघालेलंच नव्हतं. पप्पा म्हणाले, मॅडम जरा परत बघा ना, एखादा आकडा चुकला असेल. त्यांनी परत टाकला, एकेक आकडा मोठ्याने वाचून. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

म्हणजे बघा, जे शोधायला त्या मॅडमना अर्धा मिनिट लागला ते मी घरी बसून करू शकले असते. महाटेंडर्सवर लॉगिन न करता कुणालाही टेंडर आयडी टाकून स्टेटस बघता येतं. आयडीची सुरुवात वर्षाने होते, मग त्या संस्थेचं संक्षिप्त नाव, मग आकडे. आमच्या पत्रावरच्या आयडीच्या सुरुवातीला २०२२ छापलेलं होतं आणि त्या माणसाशी आमची ओळखच २०२४ ची, तरी माझ्या लक्षात आलं नाही. टेक्निकल (कागदपत्रांचे) आणि फायनान्शियल (दरांचे) लिफाफे उघडले की कोण कोण होतं, कुणाचा दर किती, एल वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, कोण, हे पण तिथेच दिसतं.

त्या रात्री मी त्या मनपाची टेंडरं एक-एक करून उघडत बसले. पहाटे चारच्या सुमारास आमच्या शेडचं नाव दिसलं. मग अजून एक. एकूण तीन टेंडर, आम्ही ज्याबद्दल ऐकलंही नाही अशी, लोखंडी कचराकुंड्या, बागेतली बाकं, शाळेची कपाटं. तिन्हीत आमचा दर चढा आणि तिन्हीत जिंकणारा एकच. उद्यमचं सर्टिफिकेट लावून ईएमडीची माफी घेतलेली (ती मिळते की नाही हे त्या त्या टेंडरच्या अटींवर असतं, सगळीकडे मिळत नाही). याला त्या धंद्यात सपोर्टिंग भरणं म्हणतात, तीन निविदा दिसाव्यात म्हणून दोन खोट्या भरायच्या. आमचं डोंगल त्याच्या ड्रॉवरमध्ये त्यासाठीच होतं. पैशाचं दुःख एकीकडे, पण कागदावर त्या टेंडरांत पप्पांची सही आहे, आणि उद्या चौकशी झाली, काळ्या यादीत नाव गेलं तर ते पप्पांचं जाणार. ज्या माणसाने तीस वर्षांत कुणाचं वेल्डिंग कच्चं ठेवलं नाही त्याचं.

सकाळी पहिलं काम केलं ते सही रद्द करायचं. ज्या कंपनीने सही दिली तिच्या हेल्पलाइनला फोन केला, पडताळणी करून त्यांनी ती रद्द केली, डोंगल हातात नसलं तरी होतं. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली. बँकेतून गेलेल्या पैशाचा पुरावा आहे, रोख दिलेल्याचा काहीच नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला पण पैसे जाऊन आठवडे झाले होते, तिथे ताबडतोब कळवलं तरच रक्कम अडकवता येते.

यंदा नवीन सही काढली, माझ्या ईमेलवर, आणि एका नगरपरिषदेचं बाकांचं टेंडर मी स्वतः भरलं. दर भरायची एक्सेल शीट असते तिचं नाव बदललं की अपलोड होत नाही, एवढ्यावर माझे दोन तास गेले, बाकी अवघड काही नव्हतं. एल थ्री, म्हणजे कमी दरात तिसरे, आलो. ईएमडी आमच्या खात्यात परत आली.

त्या तीन टेंडरांची कागदपत्रं मी माहिती अधिकारात मागितली आहेत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आणि या निविदा आम्ही भरलेल्या नाहीत असं पप्पांच्या सहीचं पत्र त्या विभागाला स्वतः जाऊन देऊन आलोय, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.