फोंडा तालुक्यातून शेअर बाजार: जुळवून घेतलेला संगणक आणि फायबरची जोडणी

मी गोव्यात फोंडा तालुक्यातील एका गावात राहतो आणि राष्ट्रीय शेअर बाजारात सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत दलालाने दिलेल्या सॉफ्टवेअरवरून खरेदी-विक्री करतो. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपणार होता आणि माझा चौथ्या पिढीतील आय-थ्री प्रोसेसरचा जुना संगणक विंडोज 11 साठी अपात्र ठरत होता. म्हणून मे 2025 मध्ये मी फोंडा बाजारातील एका दुकानातून वापरलेले भाग तपासून जुळवलेला संगणक घेतला आणि त्याच आठवड्यात केबलवाल्याकडून 200 एमबीपीएसची फायबर जोडणीही घेतली. मधे एक पावसाळा संपूर्ण गेल्यामुळे आता या दोन्हींविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

संगणकाची गोष्ट लवकर संपण्यासारखी आहे. आठव्या पिढीतील आय-फाइव्ह, 16 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी जलद साठवण) आणि दोन पडदे एवढ्यावर माझे काम उत्तम चालते. सर्वांत मोठा फरक एसएसडीने पडला. पूर्वी हार्ड डिस्कवर सॉफ्टवेअर उघडून दिवसभराचे आलेख येईपर्यंत चहा होत असे, तेच आता अर्ध्या मिनिटात होते. आलेखाच्या सॉफ्टवेअरचे बरेचसे काम प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर (कोअरवर) चालते, त्यामुळे आठ-दहा गाभ्यांसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा एकेका गाभ्याचा वेग पाहणे शहाणपणाचे. दुकानदाराने आग्रह केला म्हणून साडेचार हजारांचे ग्राफिक्स कार्ड घेतले, ते मात्र वाया गेले. दोन पडद्यांवर आकडे आणि रेघा दाखवायला प्रोसेसरमधील अंगभूत चित्रसोय पुरते, हे मी कार्ड काढून ठेवून पाहिले आहे. पहिल्या महिन्यात मशीन अधूनमधून अडखळत असे. कारण शोधले तेव्हा अँटिव्हायरस हा खरेदी-विक्रीच्या सॉफ्टवेअरच्या नोंदींचे फोल्डर सतत चाळत होता आणि विंडोजची अद्यतने नेमकी बाजार उघडण्याच्या सुमारास उतरत होती. ते फोल्डर तपासणीतून वगळले, अद्यतनांची वेळ रात्रीची ठेवली आणि तो त्रास थांबला. दुकानाच्या कामाला मी दहापैकी सात गुण देईन. भाग चांगले होते, सल्ला विक्रीचा होता.

खरा कस लागला तो जोडणीचा. 200 एमबीपीएस हा आकडा ऐकायला भारदस्त असला, तरी पन्नास समभागांचे चालू भाव आणि खरेदी-विक्रीच्या रांगा उघड्या ठेवूनही माझ्या टास्क मॅनेजरमध्ये या सॉफ्टवेअरने कधी 2 एमबीपीएस ओलांडले नाहीत. या कामात महत्त्व असते ते विलंबाला, म्हणजे इकडून गेलेला निरोप मुंबईला पोहोचून परत यायला किती मिलिसेकंद लागतात याला आणि त्याहूनही त्या विलंबाच्या स्थैर्याला. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. फोंडा ते मुंबई तारेचे अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास धरले, तर जाऊन-येऊन सहा मिलिसेकंद पुरेत. वाटेतील यंत्रे धरून पंधरा-वीस झाले तरी तक्रारीला जागा नाही. माझ्याकडे सुरुवातीला पिंग, म्हणजे हाच जाऊन-येऊन विलंब मिलिसेकंदांत, दाखवत होते 45, मधूनच 180 आणि कधी कधी काहीच नाही.

याची कारणे तीन निघाली आणि त्यांतील दोन माझ्याच घरात होती. केबलवाल्याच्या माणसाने राउटर वसरीवर, खिडकीच्या चौकटीला बसवला होता, कारण तार तिथून आत येत होती. संगणक मात्र आतल्या खोलीत. आमच्या घराच्या चिऱ्याच्या भिंती दीड फूट जाडीच्या, जून-जुलैत त्या ओल धरतात, आणि अशा दोन भिंतींमधून 5 गिगाहर्ट्झचा वायफाय जवळजवळ पोहोचतच नाही, 2.4 चा पोहोचतो, पण शेजाऱ्यांच्या राउटरांशी भांडत. मी वीस मीटर कॅट-6 केबल आणून छपराच्या वाशांवरून संगणकापर्यंत नेली. केबल आणि टोकाच्या पिना मिळून साडेसहाशे रुपये लागले आणि 180 चे उसळणे त्याच दिवशी बंद झाले. या वर्षातील हा सर्वांत सार्थकी लागलेला खर्च.

दुसरे कारण घरच्यांचे फोन होते. कुणाच्या तरी मोबाइलमधील शेकडो फोटो क्लाउडवर चढू लागले की चढती वाहिनी (अपलोड) भरून जाते, माझ्या ऑर्डरचे चिमुकले पाकीट त्या रांगेत मागे उभे राहते आणि पिंग तीनशेच्या वर जाते. जोडणी कितीही एमबीपीएसची असो, ही रांग लागतेच. राउटरमध्ये चढत्या वेगावर नव्वद टक्क्यांची मर्यादा घालून संगणकाला अग्रक्रम दिला, तेव्हा ते सुटले. मात्र ही सोय केबलवाल्याने दिलेल्या राउटरमध्ये नव्हती, वेगळा राउटर घ्यावा लागला.

तिसरे कारण पुरवठादाराकडे होते. कमांडच्या खिडकीत ट्रेसर्ट चालवून वाटेतील थांबे पाहिले, तेव्हा माझा निरोप मुंबईला जाण्यापूर्वी बेंगळुरूला जाऊन येतो असे दिसले. फोंड्याहून मुंबईला निघालेल्या माणसाने आधी घाट चढून हुबळी गाठावी, तसलाच हा प्रकार. ही तक्रार मी सहा वेळा नोंदवली. प्रत्येक वेळी एक तरुण येऊन वेगाची चाचणी चालवायचा, 196 आकडा दाखवायचा आणि ‘बाब, तुमची लाइन एकदम बरी आहे’ म्हणून जायचा. वेगाची चाचणी जवळच्या सर्व्हरशी होते, मुंबईतील दलालाशी नव्हे, हे त्याला पटवणे मला जमले नाही. ऑगस्टच्या अखेरीस, गणेश चवथीच्या तोंडावर, मार्ग आपोआप बदलला आणि पिंग 18 वर आले. कोणी, कशासाठी बदलला ते कळवले गेले नाही.

पावसाळ्याबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण शहरातल्या परीक्षणांत ते सापडत नाही. आमच्याकडे तार खांबावरून माडावर आणि माडावरून छपरावर अशी येते. जूनमध्ये एकदा चुडत (झावळी) पडून ती तुटली आणि दोनदा माकडांनी लोंबकळून टोके ओढून काढली. दुरुस्तीला अनुक्रमे दीड दिवस, चार तास आणि एक दिवस लागला. फायबरमधून वीज वाहत नसल्याने तांब्याच्या जुन्या टेलिफोन तारेसारखा गडगडाटात राउटर जळण्याचा धोका पुष्कळ कमी झाला, ही मात्र मोठी सुधारणा आहे. वीज गेली तरी जोडणी टिकावी म्हणून मी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस राउटर आणि फायबरच्या डबीला लावला, तो तीन तास चालतो. परंतु गावातील नाक्यावरच्या केबलवाल्याच्या पेटीतील बॅटरी दीड तासात मान टाकते, त्यामुळे माझा यूपीएस उरलेला वेळ नुसते दिवे दाखवतो. अशा वेळी मोबाइलचा हॉटस्पॉट वापरतो. त्यावर पिंग पन्नास-साठ असते, पण घेतलेला सौदा बंद करण्यापुरते ते चालते. जोडणी घेण्यापूर्वी पेटीची बॅटरी किती वेळ टिकते हे विचारा. मी विचारले नव्हते.

माझा भाचा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. तिथे कायदेशीर असलेल्या पैजांच्या बाजारासाठी, म्हणजे बेटफेअरसारख्या ठिकाणी, तो असेच सॉफ्टवेअर चालवतो आणि त्याने मला हेच प्रश्न विचारले होते. केबल, एसएसडी, चढती वाहिनी ही उत्तरे त्यालाही लागू पडली. मात्र सामना चालू असताना तिथे प्रत्येक पैज मुद्दाम काही सेकंद अडवून ठेवतात, जेणेकरून मैदानात बसलेल्याला दूरदर्शनसमोर बसलेल्याचा गैरफायदा घेता येऊ नये. जिथे पाच सेकंद नियमानेच जातात, तिथे वीस मिलिसेकंदांसाठी पैसे ओतणे हास्यास्पद आहे. आपल्याकडे ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळच बंद केले आहेत, त्यामुळे त्या कामासाठी संगणक विचारायला येणाऱ्या ओळखीच्यांना मी सरळ नाही म्हणतो; मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी तशाच उभ्या आहेत, हा भाग निराळा.

शेअर बाजारातही सव्वानऊच्या गर्दीत दलालाच्या सर्व्हरवर तारण तपासताना जो वेळ जातो, त्यावर घरच्या तारेचा इलाज नाही. शिवाय माझ्याच बोटाला भाव पाहून बटण दाबायला पाव सेकंद लागतो. ‘मशीन जलद, तर सौदा जलद, तर नफा’ ही दुकानदाराची मांडणी तिथेच ढासळते. बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये (पुढील भावांवरच्या करारांत) तीन वर्षांत 93 टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात होते, आणि त्यांच्यात जलद संगणकवाले कमी नसणार.

जोडणीला मी दहापैकी सहा गुण देतो. मार्ग सुधारल्यानंतरचे महिने आठाचे, त्याआधीचे चाराचे. नूतनीकरणाला गेलो तेव्हा 200 एमबीपीएसची योजना सोडून 50 ची मागितली. काउंटरवरील मुलीने ‘कमी करायचे आहे ना?’ असे दोनदा विचारले, मग वरिष्ठांना फोन केला आणि शेवटी पावती फाडली. पिंग 18 च आहे.