पौड रस्त्यावरच्या रानभाज्या: वाटा आजीकडूनच घ्या

पहिला पाऊस मुरला की मुळशी-मावळातल्या कातकरी-ठाकर बाया पौड रस्त्याकडेला गोणपाट पसरून बसतात. माल एक नंबर, ताजा. तराजू नाही, वाट्यावर विक्री. घासाघीस करू नये; एका जुडीमागे किती चढण असते ते बघितलं तर कोणी करणारही नाही.

दुकानाची खरी परीक्षा शेवळांवर. सुरणाच्या कुळातली ही फुलोऱ्याची दांडी पान फुटायच्या आधीच जमिनीतून वर येते. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून घसा खाजतो, म्हणून आंबट हवंच. जाणती आजी शेवळांबरोबर न मागता मूठभर काकडं, म्हणजे आंबट रानफळं, देते. बारा-पंधरा शेवळांना ८-१० काकडं पुरतात. हाताला तेल लावून वरचं आवरण सोलायचं, दांडीच्या बुडाचा पिवळा दाणेदार भाग टाकून द्यायचा. उरलेलं बारीक चिरून, तेल सढळ घेऊन, रंग उतरेपर्यंत मंद आचेवर परतायचं. मग बिया काढून वाटलेल्या काकडांचं पाणी घालून शिजवायचं. काकडं नाहीत? चिंच घाला, पण आंबट चुकवू नका.

आजी चहाला उठली आणि नात बसली की सेवा घसरते. पैसे चटकन घेते, जुड्या सुबक बांधते, पण ‘कशी करायची?’ विचारलं की सगळ्याला एकच उत्तर: ‘कांदा-लसूण घाला, मेथीसारखी.’ कोवळ्या टाकळ्याला, कुर्डूला ते चालतं. भारंगी मात्र उकडून, पिळून पाणी फेकलं नाही तर कडूजहर. आणि शेवळं तशी केली तर रात्रभर घसा धरून बसाल. पोरीला तरी काय बोलणार? शेवळं येतात जूनमध्ये आणि आश्रमशाळाही उघडते जूनमध्येच; आजीमागे रानात फिरायचं कधी?

ऑगस्टात कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात, पण तोवर शेवळांचा हंगाम सरलेला असतो. तेव्हा करटोली घ्या, पिवळी पडलेली सोडून. त्यांचं बी टणक होतं.

फोडशी घेतलीत तर मुळाकडचा पांढरा भाग छाटा, माती तिथेच अडकते. निबर जुडी घेऊ नका, मधला दांडा दोऱ्यासारखा दातात येतो.

सुट्टे पैसे न्या. क्यूआरचा कागद नातीकडे असतो.